साडी विरघळत नाही, खळ विरघळते

पुण्यात रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला, बहुधा पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेमुळे असेल, पॉलिमरविषयी, म्हणजे लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांब साखळ्यांविषयी, लोक आवर्जून विचारतात. माझ्याकडे वारंवार येणारा प्रश्न असा: अणू तेच, त्यांचे प्रमाणही तेच, मग नुसती मांडणी बदलल्याने वस्तू इतकी वेगळी कशी होते? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून सुती साडीपासून सुरुवात करतो.

माझी आई साडीला साबुदाण्याची खळ देत असे. साडीचा धागा म्हणजे सेल्युलोज, खळ म्हणजे स्टार्च, आणि दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनवरचा जोड कोणत्या बाजूस आहे, एवढ्यावरून त्याची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपे होतात. सेल्युलोजमधील बीटा जोडामुळे प्रत्येक ग्लुकोज आधीच्याच्या उलट बाजूस वळते, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी धरते आणि त्यातून जे घट्ट तंतू आपोआप रचले जातात त्यांच्या गाभ्यात पाण्यालाही शिरकाव मिळत नाही. अल्फा जोडात मात्र दर पायरीला तोच थोडासा बाक येतो आणि साठत जाऊन साखळीचे मळसूत्र होते. त्याच्या एका वेढ्यात साधारण 6 ग्लुकोज बसतात. (स्टार्चच्या बऱ्याच भागाला फांद्या असतात, पण तिथेही जोड अल्फाच.) ही रचना सैल असल्याने गरम पाणी तिच्यात शिरते, दाणे फुगतात आणि खळ होते. आपली पाचक विकरेही अल्फा जोडच तोडतात. म्हणून साबुदाणा पचतो, कापूस पचत नाही.

एका जोडाची दिशा ही क्षुल्लक बाब वाटते, पण तीच दिशा हजारो वेळा आली की साखळीचा आकार ठरतो, आणि साखळ्यांनी एकमेकींशी कसे जुळायचे हेही त्या आकारावरच ठरते. बाहेरून कोणी त्या रचत नाही. मला यात आजही विलक्षण आनंद वाटतो.

रबर आणि गटापर्चा (झाडाच्या चिकापासूनच मिळणारा, पण कडक पदार्थ) यांचेही असेच आहे. दोन्ही आयसोप्रीन या लहान रेणूच्या साखळ्या, पण रबरात साखळीचे पुढचे-मागचे भाग दुहेरी बंधाच्या एकाच बाजूस असतात (सिस रूप), तर गटापर्चात विरुद्ध बाजूंस (ट्रान्स रूप); सिस रूपातील साखळ्या वाकड्या असल्याने नीट रचल्या जात नाहीत आणि ताणल्या जातात, तर ट्रान्स रूपातील सरळ साखळ्या स्फटिक बनवून कडक होतात. रूट कॅनाल करताना दंतवैद्य दातात भरतात तो गटापर्चा हाच.

घरी पाहायचे असल्यास गार झालेल्या खळीत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका: आयोडीन मळसूत्राच्या पोकळीत शिरते आणि खळ गडद निळी होते. सुती धाग्यावर तो रंग उमटत नाही. मात्र धागा अनेकदा धुतलेल्या जुन्या कापडाचा घ्या, कारण कोऱ्या कापडाच्या सुताला विणण्यापूर्वी बहुधा खळ दिलेली असते.