तो खरवडलेला दगड मधोमध का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरी येणारं प्रत्येकजण कपाटापाशी थांबून हेच विचारतं: एवढे देखणे अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या, नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म) असताना हा टवका उडालेला मधोमध का? आणि दाराशी समुद्र असताना दगडातल्या शिंपल्यांसाठी तमिळनाडूत कशाला जायचं?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. गोव्यातला बहुतेक खडक 200 कोटी वर्षांहून जुना. अमोनाइट फार नंतर आले, 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. आमच्या चिरेखाणीत ते मिळायचे नाहीत.

पहिल्याला मी "आवडतो मला" एवढंच सांगत आले. ते खरं नाही.

अरियलूरकडे कराईला पावसाने चिरलेल्या मातीच्या ओघळी आहेत. या मुलखातल्या अमोनाइटांची वर्णनं जीवाश्मांचे अभ्यासक स्टोलिच्का यांनी 1860च्या दशकात लिहून ठेवली. तिथे मला हा सापडला, तळहाताएवढा, वर कालवं चिकटलेली, एकावर एक. मला त्याचे कंगोरे स्वच्छ दिसायला हवे होते. कालवं कशी उडवायची ते हाताला ठाऊक होतं. लहानपणी सुकतीला आईबरोबर खडकांवर जायची मी. टोक तिरकं लावायचं आणि एकच ठोका. इथे तीन लागले. कालवं सुटली, सोबत दोन कंगोरेही गेले. तुकडे मी माडाच्या मुळात टाकले, जेवणातल्या शिंपल्या टाकतो तिथेच.

दोन वर्षांनी जीवाश्मांच्या एका अभ्यासकाला तो दाखवला. त्यांनी हातात फिरवून विचारलं, "कालवं दोन्ही बाजूंना होती का?" एकाच बाजूला असतील तर मेलेल्या प्राण्याचा शंख तळाशी पडल्यावर बसलेली असू शकतात. दोन्हीकडे असतील तर कदाचित प्राणी जिवंत, पोहत असतानाच. मी म्हटलं, एकाच बाजूला. घरी येईपर्यंत खात्री गेली. दुसरी बाजू मी आदल्या संध्याकाळी, वीज गेलेली असताना, घाईत खरवडली होती. पांढरट कवच निघालेलं आठवतं. ते कालवाचं की अमोनाइटचंच, सांगता येत नाही.

माडाचं मूळ मी उकरलं. हाती आल्या त्या सगळ्या आमच्या जेवणातल्या शिंपल्या.

त्याच अरियलूरला ग्रायफिया कालवांनी भरलेला चुनखडक सिमेंटसाठी खणून नेतात. त्यापुढे माझे तीन ठोके ते काय? तेव्हाची मी अजूनही भांडते: ओघळीत राहिला असता तर पावसाने भुगा केला असता. केला असता, खरंय. पण तोवर ती कालवं जागेवर असती, आणि कुणीतरी आधी दोन्ही बाजू बघितल्या असत्या. "कुणीतरी म्हणजे कोण?" ती विचारते. मला सांगता येत नाही.

आता आधी दोन्ही बाजूंचे फोटो, वहीत जागा आणि तारीख, मगच हात. जाणं थांबवलेलं नाही. छिन्नीही पिशवीत असतेच.