फाईल, दुभाषी आणि शेवटचा 'का'

इटलीत वाढलेली 39 वर्षांची एक बाई आपली दत्तकाची फाईल पाहायला कोल्हापुरात आली, तेव्हा दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं. मूळशोधाचा, म्हणजे जन्मदात्यांचा माग काढण्याचा अर्ज तिनं स्वतः 'कारा'कडे, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे, ऑनलाइन केला होता. दत्तक नियमावली 2022 प्रमाणे 18 वर्षांवरच्या व्यक्तीनं तो स्वतःच करायचा असतो, तिऱ्हाइताला शोध घेता येत नाही. पुष्कळ लोक ओळखीच्या माणसाला घेऊन थेट संस्थेच्या दारात उभे राहतात आणि रिकाम्या हातानं परततात.

तिच्याकडच्या कागदांत दत्तकाचा आदेश नव्हता, म्हणून ती घाबरली होती. पण 1980च्या दशकात परदेशी जोडप्यांना 1890च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्व मिळायचं. दत्तकविधान त्यांच्या देशात व्हायचं. त्यामुळे कोर्टात मागायची ती पालकत्वाच्या अर्जावरच्या निकालाची नक्कल. अर्जाचा नंबर आणि वर्ष हाताशी हवं. नंबर नसेल तर रजिस्टर पानापानानं चाळावं लागतं, आणि त्यातलं मुलाचं नाव बहुधा संस्थेनं ठेवलेलं असतं.

भाषांतरात सर्वात जपायचे शब्द दोन: 'परित्यक्त' आणि 'सोपवलेलं'. परित्यक्त मुलाच्या आईबापांचं नाव कागदावर बहुधा नसतं, जन्मतारीखही बऱ्याचदा अंदाजानं लिहिलेली असते. सोपवलेल्या मुलाच्या फाईलमध्ये आईची सही असते. दोन्हींना 'टाकलेलं' म्हटलं की शोधाची दिशाच चुकते, आणि ऐकणाऱ्याच्या मनाला विनाकारण घाव बसतो. ही बाई सोपवलेली होती. आईनं नाव उघड न करण्याची विनंती केली होती, म्हणून समाजसेविकेनं त्या ओळीवर पांढरा कागद चिकटवला होता. आईची संमती नसली किंवा ती सापडली नाही, तरी मूल सोपवण्याची कारणं आणि परिस्थिती मात्र सांगावी लागते. ती आम्हाला कळली. इथं लिहीत नाही.

मी ओळीओळीनं मराठी वाचायचो, मग इंग्रजी सांगायचो. तिसऱ्या पानावर तिनं थांबवलं. प्रश्न 'का'नं संपतोय का, असं तिनं विचारलं. जपानीतही प्रश्न 'का'नंच संपतो, आणि तिला जपानी येत होतं, तेही अ‍ॅनिमेमुळे, म्हणजे जपानी कार्टून मालिकांमुळे. लहानपणी टीव्हीवर इटालियन डबिंग, मोठेपणी सबटायटल्स. तिची पद्धत पक्की होती: 24 मिनिटांचा एक भाग आधी सबटायटल्ससह पाहायचा, दुसऱ्या दिवशी तोच सबटायटल्स बंद करून. मजाही दुप्पट, कानही तयार.

मग मी इंग्रजी बाजूला ठेवून जपानीची वाट धरली. जपानीत 'नो', आपल्याकडं 'चा-ची-चे'. त्यांचा 'नि', आपला 'ला'. 'कारा' म्हणजे 'हून' किंवा 'पासून' (सरकारी 'कारा' नव्हे, हे लगेच सांगावं लागलं). क्रियापद दोन्हीकडं शेवटी. वाक्याच्या टोकाला त्यांचं 'ने', आपलं 'ना'. इंग्रजीतून जे अर्धा तास सुटत नव्हतं ते दहा मिनिटांत सुटलं. झाकलेल्या ओळीशी आल्यावर मी उघडी अक्षरं वाचली: आईचे नाव. जपानीत 'आइ' म्हणजे प्रेम, ती म्हणाली. तिकडचा इ ऱ्हस्व, इकडची ई दीर्घ, एवढा फरक मी सांगितला. ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होती.

संस्थेतून निवृत्त झालेल्या एका मावशींना समाजसेविकेनं बोलावून घेतलं होतं. आईबद्दल काही बोलायचं नाही, हे आधी ठरवूनच. मावशींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बरी हाय का गं?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं 'का' ओळखला होता, आणि जपानी होकार सवयीनं बाहेर पडला: "हाय."

मावशींनी मान डोलावली आणि जेवणाचं विचारलं.