ताम्हिणीमार्गे दिवेआगर: हॅम रेडिओसाठी ४९ सेंटिमीटरच्या 'ड्युअल बँड' अँटेना-रॉडच्या भरवशावर जाऊ नका

काल रात्री उशिरा परत आलो, पाठ धरलीये, तरी आत्ताच लिहितो, कारण पुढच्या वीकेंडला अजून दोघं-तिघं असाच रॉड घेऊन निघणार आहेत. हॅमचं लायसन्स, रिग (म्हणजे गाडीतला रेडिओ संच), सोल्डरिंग हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरतोय.

सगळेजण सांगतात की १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव वेव्हलेंग्थचा ४९ सेंमी ब्रेझिंग रॉड गाडीच्या छपरावर मॅग्नेट बेसवर लावा, तोच ४३५ मेगाहर्ट्झला पाऊण वेव्हलेंग्थ होतो, एकात दोन बँड, विषय संपला. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते त्याचं माप) दोन्हीकडे मस्त येतो हे खरंय. पण एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे अँटेना चांगला, हे साफ खोटं आहे.

पौड सोडलं की मुळशीच्या बॅकवॉटरला वळसे घालत रस्ता जातो, तिथे मित्राची गाडी पाण्याच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे, मधे झाड नाही डोंगर नाही, समोरासमोर दिसतोय. १४५ सिम्प्लेक्सवर (मधे रिपीटर न घेता थेट रेडिओ ते रेडिओ) आवाज स्वच्छ, शेजारी बसून बोलल्यासारखा. ४३५ वर गेलो तर नुसती खरखर, कॉलसाईन (लायसन्सवरचं ओळखनाव) पण दोनदा विचारावी लागतेय! रिग तीच, पॉवर तीच. पुढे घाटात तर वळण आलं की ४३५ गायबच, आणि निवे ते विळे या टप्प्यात मोबाईलला पण रेंज धड नसते, म्हणजे रेडिओ नेमका जिथे हवा तिथेच नाही. त्याच अँटेनावर थांबल्या जागी ४३७.८०० ला आयएसएसचा (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा) रिपीटर, म्हणजे आवाज पुढे पाठवणारा संच, मात्र ठणठणीत ऐकू आला, तेव्हा उलगडा झाला. पाऊण वेव्हचा रॉड बरीचशी पॉवर ४५ अंशाच्या आसपास वर फेकतो. आकाशात फर्स्ट क्लास, समोरच्या गाडीला उरलंसुरलं.

दुसरा चोर म्हणजे रिगपासून अँटेनापर्यंतची केबल. पुण्यात बुधवार पेठेत 'ओरिजिनल कॉपर आरजी-५८' (मधे तार, भोवती प्लास्टिक, त्यावर जाळी अशी कोअॅक्स केबल) म्हणून चांगल्या केबलचे पैसे घेतले आणि घरी सोलली तर जाळी इतकी विरळ की आतलं प्लास्टिक दिसतंय, सोल्डर पण पकडत नाही. दुकानातच टोक सोलून बघा, मधल्या तारेला चुंबक लावा, चिकटला तर आत स्टील आहे, सरळ परत द्या, दुकानदार कुरकुरला तरी द्या. अस्सल आरजी-५८ सुद्धा ५ मीटरला ४३५ वर जवळजवळ २ डीबी, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पॉवर, खाते, ही तर त्याहून खादाड, आणि वर गंमत अशी की केबल जेवढी खाते तेवढा रिगजवळचा एसडब्ल्यूआर जास्तच छान दिसतो. म्हणून केबल लागेल तेवढीच ठेवा, डिकीत गुंडाळी नको.

दिवेआगरला मुक्कामात नवीन अँटेना केला (समुद्र, मोदक वगैरे छान होतं). खाली १६.५ सेंमी रॉड, त्याच्या टोकाला आरजी-५८ चा ११.४ सेंमी तुकडा: खालच्या टोकाला मधली तार रॉडला जोडायची आणि जाळी मोकळी सोडायची, वरच्या टोकाला तार आणि जाळी शॉर्ट करून तिथून पुढे वरचा रॉड. हा तुकडा ४३५ ला दार बंद करतो, म्हणजे खालचा भागच पाव वेव्ह म्हणून वाजतो, आणि १४५ ला सगळी लांबी कामाला येते. वरचा रॉड २५ सेंमीपासून सुरू करा आणि थोडा थोडा कापत १४५ जुळवा. आधी ४३५ जुळवा मग १४५, उलटं केलंत तर कापाकापी संपणार नाही. ११.४ हे साध्या पॉलिथिनच्या केबलचं माप आहे, फोमवाली घेतलीत तर लांबी वाढेल.

परतीत मुळशीला त्याच जागी थांबलो आणि ४३५ स्वच्छ!! रात्री थंडीत दोघेही ओरडत होतो. जुना रॉड आता फक्त सॅटेलाइटसाठी, गाडी थांबवून. रस्त्यावर बोलायला तो बाद, यावर माझ्याशी वाद घालू नका.

मोकळ्या जाळीच्या टोकाला हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आणि सिलिकॉन नक्की लावा, ताम्हिणीच्या पावसात पाणी जाळीत शिरलं की ट्यूनिंग सरकतं. बेस छपराच्या मधोमध, सनरूफवाल्यांनी आधी पत्रा कुठेय ते बघा. आणि लायसन्सची कॉपी गाडीत ठेवा, छपरावर असलं काही दिसलं की नाक्यावर विचारतातच.