तुम्ही विचारलंत म्हणून: फौज, डॉक्टरी आणि घर

‘फौज, डॉक्टरी आणि घर, तिन्ही कसं जमवलंत हो?’ नीटचा निकाल लागला की सोसायटीतली कुणी ना कुणी आई लेकीला घेऊन येते आणि हे विचारते. आम्ही राहतो वानवडीत, फौजेचं मेडिकल कॉलेज, म्हणजे एएफएमसी, हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माझ्याकडे वर्दळ फार. नोकरी न करता बाहेर पडायचं तर भरायचा बाँड काय, शॉर्ट सर्व्हिसची सात वर्षं बरी की कायम कमिशन, हे चहा होईतो सांगून होतं. जमवण्याचं मात्र तेवढ्यात होत नाही.

कॉलेजात सीनियर सांगायचे, घराला मुकशील. नोकरीची पहिली तीन वर्षं मला धास्ती होती ती मात्र डॉक्टरी विसरण्याची. फौजी डॉक्टरांचा लखनौचा बेसिक कोर्स झाला आणि मी एका पलटणीत आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, म्हणून गेलो. आठशेएक धडधाकट माणसं आणि त्यांचा डॉक्टर मी एकटा. सकाळच्या सिक रिपोर्टला पायाचे फोड, मुरगळलेले घोटे, खरूज आणि पीटी चुकवायला आलेले दोघं-तिघं. नऊला एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, ओस. मग लंगरची, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराची, तपासणी, संडासाचे खड्डे, डास, पाणी. पाणी तपासायच्या हॉरॉक्सच्या पेटीत सहा पांढरे कप असतात आणि एक काळा. अर्ध्या तासानं निळा रंग कितव्या कपापासून उमटला ते बघून ब्लीचिंग पावडर किती घालायची ते ठरतं. साताऱ्याचे माझे शाळूसोबती तेव्हा ससूनला, केईएमला एमडी करत होते. मी आचाऱ्याची नखं बघत होतो.

संध्याकाळी व्हॉलीबॉल. डॉक्टरकीबाहेरचं आयुष्य म्हणाल तर ते एवढंच, पण रोजचं.

पुढं पलटण लडाखला गेली. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वर चढताना पहिल्या टप्प्यावर सहा दिवस, मग पुढच्यावर चार, मग आणखी चार थांबायचं. त्यातला एक दिवसही कमी करू द्यायचा नाही, पलटणीचे प्रमुख, सीओसाहेब, कितीही घाईत असोत. कर्नलला नाही म्हणायला कॅप्टनला कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. लांब रजेवरून परतलेल्यालाही हे दिवस नव्यानं काढावे लागतात. असाच एक बेळगावकडचा पोरगा परतला होता. व्हॉलीबॉलच्या नेटवर उड्या मारणारा, कधी न बसणारा गडी त्या संध्याकाळी बाकड्यावर टेकला. ‘काही नाही साहेब, जरा दम लागलाय.’ छातीला स्टेथोस्कोप लावला तर आत बुडबुड्यांचा आवाज. उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, त्याला फौजेत हेपो म्हणतात. ऑक्सिजन लावून त्याला आत हवेचा दाब वाढवणाऱ्या प्रेशरच्या पिशवीत घातला आणि रात्रभर आळीपाळीनं पायपंप मारत बसलो. उजाडल्यावर खाली पाठवला. वाचला. दुसऱ्या डॉक्टरनं त्याला उभ्या-उभ्या क्रोसिन देऊन परत धाडलं असतं, कारण हा गडी बसला हेच नवल, हे त्याला कळलं नसतं.

घराचं म्हणाल तर बायको पुण्यात एसएफ क्वार्टरमध्ये, म्हणजे नवरा सरहद्दीवर असलेल्या कुटुंबांसाठीच्या घरात, मुलगी तिच्याजवळ. पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येईल अशा ठिकाणची बदली, आली की बिऱ्हाड पुन्हा ट्रकमध्ये. पाचवीपर्यंत मुलीच्या चार शाळा झाल्या. आजीला पत्र लिहायची, ‘मी खूप खुश आहे, तू कशी आहे?’ रजा वर्षाला साठ दिवस, लोक हेवा करतात. एका वर्षी त्यातले चाळीस मी सासऱ्यांच्या गच्चीवर मेडिसिनचं जाडजूड पुस्तक उशाला घेऊन काढले. एमडी पुण्यातच मिळालं, तिघं एका छपराखाली आलो, आणि त्या तीन वर्षांत मी घरी सगळ्यांत कमी दिसलो. वॉर्डातच झोपायचो. लडाखहून निदान पत्रं तरी यायची, असं ही अजून ऐकवते.

ही दाताची डॉक्टर. तिच्या डेंटल चेअरनं माझ्या बदल्यांपायी तीन गावं पाहिली आणि चौथ्या वेळी ती अंबाल्याला विकून टाकली.

परवाची मुलगी धीट होती. आई बाँडचे आकडे विचारत असताना तिनं मधेच विचारलं, ‘काका, तुम्हाला जमलं, पण काकूंना?’ मी स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून उत्तर आलं, ‘थांब गं, हात पुसून येते. खुर्ची कितीला गेली तिथपासून सांगते.’