आमची वाटचाल : आपल्या नावाने, उघडपणे

कोल्हापुरातील लहान आणि मध्यम उद्योगांसाठी लेखन आणि जनसंपर्काचे काम करणारी आमची संस्था २०११ साली सुरू झाली. त्याआधी मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात ‘पेड न्यूज’ची जी चर्चा झाली आणि जिची दखल पुढच्याच वर्षी प्रेस कौन्सिल ऑफ इंडियालाही घ्यावी लागली, ती मी डेस्कवर बसून अनुभवली होती. पैसे मोजून छापून आणलेला मजकूर बातमी म्हणून वाचकाच्या हाती पडला, की नुकसान केवळ त्या मजकुरापुरते राहत नाही. शेजारच्या खऱ्या बातमीवरचा विश्वासही उडतो. म्हणून संस्था काढतानाच ठरवले, की कोण बोलत आहे आणि कोणाच्या पैशाने बोलत आहे, हे वाचकापासून लपवायचे नाही. या निर्णयामुळे काही कामे हातची गेली, आणि जी टिकली तीही याच निर्णयामुळे टिकली.

आमचे पहिले मोठे काम शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीचे, म्हणजे धातूचे ओतीव भाग बनवणाऱ्या कारखान्याचे होते. मालकांना ब्लॉग सुरू करायचा होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर ‘दर्जा हेच आमचे ब्रीद’ अशा धाटणीचा मजकूर होता. असा मजकूर कोणत्याही कारखान्याच्या नावाखाली खपतो, म्हणूनच तो कोणाच्याही उपयोगाचा नसतो. खरेदी विभागाची माणसे फोनवर तुमच्याशी सर्वांत जास्त कशावरून वाद घालतात, असे मी त्यांना विचारले, तेव्हा उत्तर तत्काळ आले : ब्लोहोल. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, यंत्रावर चढवून वरचा थर कापला, की पोटात दडलेली छिद्रे उघडी पडतात आणि अख्खा लॉट परत येतो. मग आम्ही मोल्डिंगच्या शेडमध्ये बसून लेख तयार केला. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साचा बनवायच्या ओलसर वाळूत, पाण्याचे प्रमाण साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास का राखावे लागते, पावसाळ्यात ते कसे बिघडते, वाळू फार गच्च ठोकली गेली तर वायूला बाहेर पडायला वाट कशी उरत नाही, कोअर, म्हणजे साच्यात पोकळी राखणारा वाळूचा गाभा, नीट वाळला नसेल तर काय होते, हे सारे त्यात सविस्तर आले. आपल्या धंद्यात दोष निघतात हे आपणच जगजाहीर करत आहोत, अशी मालकांना धास्ती वाटत होती. परंतु कास्टिंग विकत घेणाऱ्या अभियंत्याला दोष निघतात हे ठाऊकच असते. समोरच्या माणसाला त्याचे कारण कळते की नाही, एवढेच त्याला पाहायचे असते. त्या लेखानंतर येणाऱ्या चौकशांचा सूर बदलला. लोक दर विचारण्याआधी वाळूच्या तपासणीबद्दल विचारू लागले.

आमची लेखनाची पद्धत त्या कामातून घडली आणि आजही तीच आहे. आम्ही कारखान्यात किंवा दुकानात जातो, जाणकार माणसाला बोलते करतो, त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करतो आणि त्यातून मसुदा लिहितो. लेखाखाली नाव मात्र त्याच माणसाचे जाते, जो त्या लेखावर आलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो. मसुदा आम्ही केला असला तरी तो ओळ न् ओळ वाचल्याशिवाय आणि त्यातले आकडे स्वतः तपासल्याशिवाय त्याने मंजुरी द्यायची नाही, ही आमची अट असते. प्रत्येक लेखावर तारीख असते, आणि नंतर काही माहिती बदलली तर जुना मजकूर गुपचूप पुसला जात नाही. काय बदलले आणि केव्हा बदलले याची नोंद लेखाच्या शेवटी राहते.

उघडपणाचा हा आग्रह काही आमचा शोध नव्हे. अमेरिकेत जनसंपर्क व्यवसायाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये संपादकांना पाठवलेल्या निवेदनात, आमचे कार्यालय ही गुप्त यंत्रणा नाही आणि आमचे काम सर्वांसमक्ष चालते, असे स्पष्ट लिहिले होते. ऑनलाइन जगात या तत्त्वाचा भंग झाला की काय होते, याचे उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. २००६ मध्ये एक जोडपे मोठ्या गाडीतून अमेरिकाभर फिरत, वॉलमार्ट या बड्या दुकानसाखळीच्या आवारात मुक्काम करत आणि तिथल्या कर्मचाऱ्यांविषयी गोड लिहीत एक ब्लॉग चालवत होते. त्या प्रवासाचा खर्च वॉलमार्टची बाजू मांडणारी संघटना करत होती आणि त्या संघटनेमागे एडेलमन ही जनसंपर्क क्षेत्रातील मातब्बर कंपनी होती, हे उघड झाल्यावर रिचर्ड एडेलमन यांना स्वतःच्या ब्लॉगवर जाहीर माफी मागावी लागली. त्या ब्लॉगमधली माणसे खरी होती आणि प्रवासही खरा होता. पैसे कोणाचे, एवढेच सांगितलेले नव्हते, आणि तेवढ्याने बाकीचे सगळे संशयास्पद ठरले.

आपल्याकडे हा विषय आता केवळ सभ्यतेचा राहिलेला नाही. १९८५ पासून काम करणाऱ्या ‘अॅस्की’ या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना आणल्या. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांची अधिसूचना काढली. दिशाभूल केल्याबद्दल पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मराठीत लिहिणाऱ्याने यातली एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, असे मला मनापासून वाटते. मजकूर मराठी असेल तर ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क सहकार्य’ हे मराठीतच आणि सुरुवातीलाच लिहावे. वीस हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी एक इंग्रजी अक्षरजोडी टाकून वाचकाला काहीही कळत नाही. फुकट दिलेली वस्तू, हॉटेलातला मोफत मुक्काम, नातेवाइकाचे दुकान, हे सर्व संबंधही सांगायलाच हवेत. एखाद्या ब्लॉगलेखकाला आम्ही ग्राहकाची वस्तू पाहण्यासाठी पाठवतो, तेव्हा सोबतच्या पत्रात दोन गोष्टी असतात : वस्तू मोफत मिळाल्याचे कृपया लिहावे, आणि ती आवडली नाही तर तसेही लिहावे.

या भूमिकेची किंमत एकदा मोठी मोजावी लागली. उत्तम चाललेल्या एका खाद्यपदार्थ व्यावसायिकांनी आमच्याकडे वेगवेगळ्या नावांनी पंचतारांकित अभिप्राय लिहून देण्याची मागणी केली. शेजारच्या स्पर्धकाबद्दल दोन-चार वाईट अभिप्रायही त्यांना हवे होते. आम्ही नकार दिला आणि वर्षाचा करार मोडला. त्या काळात आमची उलाढाल अशी नव्हती, की ते नुकसान जाणवू नये. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे प्रसिद्ध करावेत, यासाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १९००० : २०२२ हे मानक आणले, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. आमचा सल्ला तेव्हाही साधा होता : वाईट अभिप्रायाला मालकाने स्वतःच्या नावाने, तिथेच, सर्वांसमोर उत्तर द्यावे, काय झाले ते मान्य करावे, पुढचे बोलणे फोनवर न्यावे आणि तक्रार मिटल्यावर पुन्हा तिथे येऊन तसे लिहावे.

पत्रकारांशी आणि ब्लॉगलेखकांशी वागण्याच्या शिष्टाचाराबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेले आहे. डेस्कवर येणाऱ्या प्रेसनोटांपैकी बहुतेकांचा विषय ‘प्रसिद्धीसाठी’ एवढाच असायचा, मजकूर स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असायचा आणि फोटोतील माणसे डावीकडून कोण आहेत याचा पत्ता नसायचा. म्हणून आमच्याकडून जाणाऱ्या मेलच्या विषयातच बातमी असते. मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या अंगातच असतो. फोटो वेगळे जोडलेले आणि ओळीने नावे दिलेले असतात, आणि शेवटी अशा माणसाचा मोबाइल क्रमांक असतो जो खरोखर फोन उचलतो. शंभर जणांचे पत्ते एकाच ओळीत उघडे टाकलेला मेल आम्ही पाठवत नाही. ‘वायर्ड’ मासिकाचे संपादक ख्रिस अँडरसन यांनी २००७ मध्ये, आपले मासिक न वाचताच ढिगाने मेल पाठवणाऱ्या जनसंपर्कवाल्यांचे पत्ते जाहीरपणे प्रसिद्ध केले होते. तो उपाय कडक होता, पण त्यामागचा वैताग मी पूर्ण समजू शकते. शेतीविषयक लिहिणाऱ्याला दागिन्यांची प्रेसनोट पाठवू नये, पाने लावण्याच्या वेळी ‘मेल मिळाला का’ म्हणून फोन करू नये, बातमी छापण्याआधी दाखवा असे म्हणू नये, आणि जाहिरात देतो म्हणून बातमी घ्या, हे तर चुकूनही बोलू नये.

जून २०२५ मध्ये या सगळ्याची कसोटी लागली. २२ जूनला मिलानमधील प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखीच पादत्राणे दिसली आणि तिच्या मूळ कारागिरांचा कुठेही उल्लेख नव्हता. समाजमाध्यमांवर संतापाची लाट आली. आमच्याकडे त्या वेळी एका चप्पल व्यावसायिकाचे काम होते, आणि मुंबई-दिल्लीच्या वार्ताहरांचे फोन सुरू झाले. त्याच रात्री आम्ही मराठी आणि इंग्रजीत एक टिपण तयार केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांचे आहे. कातडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले असते, शिवण चामड्याच्या वादीची असते, कान आणि वेणी कशाला म्हणतात, एवढेच त्यात होते. हे टिपण ज्याच्या वतीने दिले आहे तो स्वतः चपला विकतो, हे वाक्य आम्ही मुद्दाम सर्वांत वर ठेवले. कर्नाटकाचे चार जिल्हे वगळावेत, असा आग्रह काही जणांनी धरला. तो आम्ही मानला नाही, कारण मानांकन दोन्ही राज्यांचे आहे. कारागिरांची नावे आणि फोटो त्यांना विचारूनच दिले. पुढे प्राडाचे एक वरिष्ठ अधिकारी लोरेन्झो बर्टेली यांनी महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला लिहिलेल्या पत्रात या पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचे जाहीर झाले. त्यात आमच्या टिपणाचा वाटा होता, असा दावा मी करणार नाही. मात्र त्या आठवड्यात ते टिपण घेऊन गेलेले वार्ताहर आजही चामड्याच्या विषयावर काही विचारायचे असले, की आधी आम्हाला फोन करतात.

सध्या आम्ही चप्पल आणि गूळ व्यावसायिकांच्या पुढच्या पिढीला स्वतःचे ब्लॉग स्वतः लिहायला शिकवतो. आमच्या करारपत्रात यंदापासून एक नवे कलम आले आहे : मजकूर कोणी लिहिला, कोणी तपासला आणि त्यासाठी पैसे कोणी दिले, या तीन गोष्टी सांगण्यास ग्राहकाची हरकत असेल, तर ते काम आम्ही स्वीकारणार नाही. सहीआधी हे कलम आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो, आणि चर्चा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.