एम१ की एम४, आख्खा दिवस गेला

आज भाचीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप ठरवायला बसलो आणि सकाळची संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही. दोन पर्याय होते, २०२० चा मॅकबुक एअर एम१ सेकंडहँड, नाहीतर २०२५ चा एम४ नवा (एम१, एम४ ही ॲपलच्या त्यातल्या चिपची नावं). मी आधीपासूनच जुन्याच्या बाजूने, कारण माझा स्वतःचा एम१ अजून मस्त चालतोय, फॅनच नाही त्यामुळे आवाज शून्य, वर्ड-पीपीटी-झूम काहीही करा.

पण मग ती म्हणाली, "मामा, रॅम किती आहे त्यात?" आणि मी गप्प 😅 आठ जीबी. रॅम म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, बरं ती नंतर वाढवताही येत नाही, मेमरी चिपसोबतच बसवलेली असते, म्हणजे आज जे घेतलं तेच चार वर्षं. ती कोडिंग करणार, व्हर्च्युअल मशीन (म्हणजे लॅपटॉपच्या आतच दुसरा कॉम्प्युटर) चालवणार, वर ब्राउझरचे पन्नास टॅब (हे मी डोळ्यांनी बघितलंय), आठात कोंडमाराच होणार. एम४ मध्ये सुरुवातच १६ पासून. शिवाय जुन्याचा कॅमेरा ७२०पी, म्हणजे कमी स्पष्ट, आणि वापरलेली बॅटरी किती थकलीय ते सायकल काउंट (आतापर्यंत किती वेळा पूर्ण चार्ज वापरून झाला तो आकडा) बघितल्याशिवाय कळायचं नाही.

तिला बीए वगैरे करायचं असतं तर मी अजूनही एम१ च घे म्हटलं असतं, खरंच.

शेवटी नवाच ठरला, पण २५६ जीबी स्टोरेजवाला, फोटो-बिटो बाहेरून जोडायच्या एसएसडी ड्राइव्हवर टाकेल. आता रंगावरून भांडण चालू आहे, त्यात मी पडत नाही.