केलीचा सोलो: सूर मिळाले, आता लयीशी झटापट

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या जॅझ रेकॉर्डवरच्या 'फ्रेडी फ्रीलोडर'मधल्या पियानिस्ट विंटन केलीच्या सोलोचे चारही कोरस ऐकून उतरवून झाले (कोरस म्हणजे बारा बार्सचा एक फेरा, बार म्हणजे चार ठोके). मागच्या नोंदीत तिसऱ्या कोरसच्या मधल्या चार बार्सपाशी घोडं अडलं होतं, तेही सुटलं. आता कागदावर सगळं जागच्या जागी आहे आणि वाजवायला बसलं की केलीचा पत्ता नाही. एकही सूर चुकत नाही, तरी ऐकणाऱ्याला वाटावं की संगणकाला नोटेशन वाचायला दिलंय. हे सूर चुकण्यापेक्षा वाईट. चुकलेला सूर निदान दाखवता येतो.

त्याआधी एक गोड बातमी. रेकॉर्डबरोबर वाजवताना पियानो जुळत नाही ही जुनी रड होती, ती मिटली. कारण तुम्हा मंडळींना माहीत आहेच. २ मार्च १९५९ च्या सत्रात कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओतलं मुख्य टेप मशीन किंचित मंद चालत होतं. ती टेप पुढे योग्य वेगाने वाजवली की सगळं थोडं चढं ऐकू येतं. 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू तशीच चढी, कितीतरी वर्षं विकली गेली. १९९२ साली दुसऱ्या मशीनवरची सेफ्टी टेप, म्हणजे राखीव प्रत, वापरून हे दुरुस्त झालं. माझी प्रत त्याआधीची. पण माझा टर्नटेबलच्या बेल्टवरही तितकाच संशय होता, त्यामुळे नक्की दोष कुणाचा हे ठरत नव्हतं.

स्ट्रोब डिस्क छापून घेतली, म्हणजे टर्नटेबलचा वेग तपासायची रेघांची चकती; वेग बरोबर असेल तर दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात. आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला १८० रेघांची डिस्क लागते. अमेरिकन साइटवरची २१६ रेघांची उतरवून घेऊ नका, ती ६० हर्ट्झसाठी असते. एलईडी बल्बखाली रेघा नुसत्या धूसर. चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली मात्र ठणठणीत स्थिर उभ्या राहिल्या. बेल्ट निर्दोष. खात्रीसाठी बाजू उलटली. दुसरी बाजू २२ एप्रिलच्या सत्रातली, तिच्यात ही भानगड नाही. 'ऑल ब्लूज' लावलं आणि पियानो बिनतक्रार जुळला. मग डिजिटल पियानोचं मास्टर ट्यूनिंग ४४० हर्ट्झवरून हळूहळू वर सरकवत नेलं, आणि एका जागी माझा बी-फ्लॅट आणि केलीचा बी-फ्लॅट एकमेकांत विरघळून गेले. आता बाजू बदलली की ट्यूनिंग बदलायचं, एवढंच. दुरुस्त आवृत्ती फोनवर असताना हा उपद्व्याप कशाला, असं घरातूनही विचारून झालंय. उतरवण्याचं काम मी दुरुस्त आवृत्तीवरूनच करतो. पण रात्री सोबत वाजवायला मला रेकॉर्डच लागते, त्याला इलाज नाही.

(ही प्रत ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली त्याने 'व्हीजी प्लस' ('खूप चांगली'च्याही वरची श्रेणी) लिहिलं होतं. पहिल्या बाजूवर नखाएवढा ओरखडा निघाला. रेकॉर्ड तिरप्या उजेडात धरून काढलेला फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवू नका.)

आता मूळ दुखणं.

या गाण्याचा वेग मिनिटाला साधारण १२८ ठोके, म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाहूनही कमी. त्या ठोक्याचे दोन भाग पडतात, पहिला लांब, दुसरा आखूड. हाच स्विंग. किती लांब, किती आखूड, सगळं भांडण इथे आहे. पुस्तकं सांगतात की तीन तुकडे करा, दोन पहिल्याला द्या, एक दुसऱ्याला. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्विंग ६६ टक्क्यांवर ठेवलं की हेच मिळतं. माझा उतरवलेला सोलो तसा वाजवून ऐकला आणि लंगडी घातल्यासारखा वाटला. मग प्रमाण कमी केलं. लंगडी गेली, पण पाठोपाठ स्विंगही गेला. केली या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे, शिवाय तो एका जागी थांबत नाही. ओळीच्या सुरुवातीला जवळजवळ सरळ वाजवतो आणि शेवट जवळ आला की झुलायला लागतो. निदान माझ्या कानाला तरी तसं येतं.

कान पुरेना म्हणून रेकॉर्डिंग सावकाश करून पाहिलं. इथे एक कामाची गोष्ट हाती लागली. सूर कायम ठेवून वेग निम्मा केला की सॉफ्टवेअर राइड सिंबलचा (ड्रमर जिच्यावर सतत ठेका धरतो ती मोठी झांज) आघात पसरवून टाकतं. ठोका नेमका कुठे पडला हेच कळेनासं होतं, आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच. त्यापेक्षा टेप मंद केल्यासारखा सगळाच वेग निम्मा करा, सूरही खाली जाऊ द्या. बरोबर एक सप्तक खाली जातो, म्हणजे बी-फ्लॅट बी-फ्लॅटच राहतो, आणि आघात स्वच्छ ऐकू येतात. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात होतं. मग तो तुकडा ध्वनीचं चित्र दाखवणाऱ्या सॉनिक व्हिज्युअलायझरमध्ये उघडायचा, तेही फुकट, आणि केलीच्या सुरांवर व ड्रमर जिमी कॉबच्या राइडवर खुणा करत जायचं. महागड्या ट्रान्सक्रिप्शन सॉफ्टवेअरची मला अजून तरी गरज भासलेली नाही. पैसे असतील तर ते हेडफोनवर घाला.

खुणा करताना जे दिसायला लागलं ते फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रॉम या स्वीडिश संशोधक जोडीने २००२ सालीच मांडून ठेवलंय. मधल्या वेगाला सोलो वाजवणारा ठोक्यावरचा सूर ड्रमरच्या राइडपेक्षा किंचित उशिरा टाकतो, पण ठोक्यांमधला आखूड सूर मात्र राइडबरोबर घेतो. म्हणजे मागे रेललेला माणूस दर ठोक्यात एकदा ड्रमरचा हात धरतो. त्यामुळेच त्याचे दोन भाग राइडच्या दोन भागांपेक्षा जास्त समसमान पडतात, आणि तरी ऐकणाऱ्याला स्विंगच ऐकू येतो.

हे वाचून डोक्यात दिवा लागला, बोटांत काही लागला नाही. मुद्दाम उशीर करायला गेलो की सगळंच मागे राहतं, आखूड सूरसुद्धा. मग कॉब पुढे आणि मी मागून सामान घेऊन. राइडला धरून बसलो तर केली हरवतो. ठोक्यावर सैल आणि ठोक्यांच्या मध्ये घट्ट, हे एकाच हाताकडून करून घ्यायचं तर मन नेमकं उलटीकडे धावतं.

कारण आपलं वळण. लहानपणी तबल्याच्या क्लासला काही वर्षं काढली, कान समेवर पोसला गेला. तिहाई घेतली की समेवर आदळायचंच. बारा बार्सचा ब्लूज म्हणजे माझ्या डोक्यात एक आवर्तन, आणि पहिला ठोका आला की हात आपोआप जड होतो. इकडे कॉबचा हाय-हॅट (पायाने वाजवायची झांजांची जोडी) दोन आणि चारवर, आणि केलीची ओळ बारची भिंत ओलांडून भलतीकडेच संपते, बहुतेकदा ठोक्यांच्या मधल्या त्या आखूड सुरावर. त्याला पहिल्या ठोक्याचं काही पडलेलं नसतं. मी मात्र त्याच्या प्रत्येक ओळीला मनातल्या मनात समेवर नेऊन बसवत होतो.

उपायही तबल्याच्याच वर्गातून आला. पढंत! बोल हातात यायच्या आधी तोंडात यायला हवेत, हा तिथला पहिला नियम. पियानो बंद ठेवला, हाताने फक्त दोन आणि चारवर टाळी, आणि केलीचा पहिला कोरस तोंडाने. सूर नीट लागले नाहीत तरी चालतील, 'दू' लांब, 'दा' आखूड, जोर 'दा'वर. सुरुवातीला टाळी घसरून एक-तीनवर यायची. मग एकदा भांडी विसळताना तोंडाने चालू असताना तो उशीर आपोआप आला. मुद्दाम आणलेला नव्हता. तसाच पियानोशी जाऊन बसलो आणि पहिल्या कोरसचे पहिले चार बार्स वाजवले. चारच. पण ते केलीच्या गल्लीतले होते. पाचव्या बारला ई-फ्लॅट-सेव्हन ही कॉर्ड आली आणि पुन्हा संगणक. पण ते चार बार्स रेकॉर्ड करून ठेवलेत, कुणी मागितले नाहीत तरी ऐकवणार आहे.

त्याच नादात केलीच्या चिमट्यांचं, म्हणजे शेजारच्या सुरावरून निसटत येण्याचं, गणित सुटलं. बी-फ्लॅट कॉर्डचा तिसरा सूर डी. केली त्यावर सरळ जात नाही, डी-फ्लॅटवरून निसटतो. काळ्या पट्टीवरून पांढरीवर तेच बोट घसरवायचं, दोन बोटं वापरली की ती मुरकी न राहता दोन सूर होतात. आता गंमत बघा. ई-फ्लॅटचा तिसरा सूर जी, त्याच्या खालची पट्टी काळी. एफचा तिसरा सूर ए, खालची पट्टी काळी. सगळीकडे घसरगुंडी तयार. फक्त हेडमध्ये, म्हणजे मूळ धुनेत, शेवटच्या दोन बार्सना जो ए-फ्लॅट-सेव्हन येतो, त्याचा तिसरा सूर सी, आणि त्याच्या खाली बी, पांढरी. तिथे एका बोटाने निसटता येत नाही, दोन बोटं लागतातच, आणि माझी नेमकी तिथेच खाड करून वाजतात. एका सेमिटोनने हे सगळं गाणं हलवलं तर हाताचं काय होईल याचा विचारही करवत नाही. ब्लूजसाठी बी-फ्लॅट नुसता सॅक्सोफोन-ट्रंपेटवाल्यांच्या सोयीचा, असं मी समजत होतो. पियानोवाल्याच्याही तो बोटाखाली किती सुखाचा आहे!

आता यादीकडे. १९२८ ते १९३१ या चार वर्षांत जन्मलेले पियानिस्ट, प्रत्येकाचा एक सोलो, ही मूळ योजना. होरेस सिल्व्हर, बिल एव्हान्स, बॅरी हॅरिस, टॉमी फ्लॅनगन, अहमद जमाल, सॉनी क्लार्क, केली, फिनियस न्यूबॉर्न. एवढ्याशा अवधीत एवढी माणसं, आणि बहुतेकांच्या मागे त्यांच्या आधीचा पियानिस्ट बड पॉवेल उभा. तरी एकही दुसऱ्यासारखा वाजवत नाही. लोक एव्हान्सपाशी थांबतात, मला ते खटकतं. एव्हान्स थोरच, पण 'काइंड ऑफ ब्लू' म्हटलं की केलीचं नाव तळटीपेत जातं. २ मार्चच्या त्या दिवशी केली स्टुडिओत आला तर पियानोवर एव्हान्स बसलेला. केली गोंधळला, आणि तूही आहेस या सत्रात म्हणून कॉबने त्याची समजूत काढली. पहिलं गाणं 'फ्रेडी'च झालं. केली वाजवून मोकळा, पुढे पियानोवर एव्हान्स. एकाच रेकॉर्डवर १९२९ चा आणि १९३१ चा असे दोन हात इतके शेजारी दुसरीकडे कुठे मिळायचे? 'सो व्हॉट'मध्ये एव्हान्स कॉर्ड ठेवून बाजूला होतो, हवा राहू देतो. केली हवा भरतो, पण तिचं ओझं होऊ देत नाही. ब्लूजसाठी माइल्सने केलीला का बसवलं असेल, हे दोन ट्रॅक पाठोपाठ ऐकले की वेगळं विचारावं लागत नाही.

पुढचा नंबर फ्लॅनगनचा होता, जॉन कोल्ट्रेनचं 'जायंट स्टेप्स', मे १९५९. बी, जी आणि ई-फ्लॅट अशा तीन घरांत, म्हणजे तीन वेगवेगळे 'सा' धरून, धावतं गाणं, आणि फ्लॅनगन ओळी सोडून कॉर्डवर येतो ती जागा. पण त्या वेगाला स्विंगचं प्रमाण सरळ होत जातं. माझी आत्ताची शिकवणी तिथे फुकट जाईल. म्हणून फ्लॅनगनला थांबवतोय.

त्याऐवजी असं सुचलंय: केली, बासवाला पॉल चेंबर्स आणि कॉब हेच त्रिकूट १९६५ साली गिटारवादक वेस माँटगोमेरीबरोबर न्यूयॉर्कच्या हाफ नोट क्लबमध्ये होतं. त्यातला 'नो ब्लूज' हा एफमधला ब्लूज. तीच माणसं, सहा वर्षांनी, मोकळ्या क्लबात. तिथला केलीचा एकच कोरस घेऊन तीच पढंत, त्याच खुणा. उशीर तेवढाच आहे की वाढला, बघू. एफमध्ये तिसरा सूर ए, घसरगुंडी शाबूत.

आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की यादीत तोशिको आकियोशी नाही. जन्म १९२९, मांचुरियातला. पियानिस्ट ऑस्कर पीटरसनने टोकियोत ऐकली, निर्माता नॉर्मन ग्रँझने १९५३ साली तिची रेकॉर्ड काढली, १९५६ साली बॉस्टनला बर्कली या संगीतशाळेत शिकायला गेली. तीही पॉवेलच्याच शाळेतली. माझ्या चौकटीत चपखल बसते, म्हणून न्यूबॉर्नच्या आधी तिला घेतोय. न्यूबॉर्नचं तसंही माझ्या डाव्या हाताला झेपेल अशी चिन्हं नाहीत.

बॅरी हॅरिसच्या न्यूयॉर्कच्या वर्गांत गायकांनाही जागा असायची. आधी मला ती प्रेमळ सोय वाटायची. आता त्या वर्गांच्या ध्वनिफिती पुन्हा ऐकायला काढल्यात, गाणाऱ्यांचे भाग आधी. आणि पाचव्या बारचा ई-फ्लॅट-सेव्हन उद्यापासून तोंडानेच, पियानो बंद.